डाव्या स्पीकरची वायर

रविवारी दुपारी दंतवैद्याने पुन्हा तीच रेकॉर्ड लावली, खुर्चीत पाठ टेकली, डोळे मिटले आणि दाढ काढून घ्यायला आलेला पेशंट बसतो तसा गाणं संपेपर्यंत बसून राहिला. काही झालं नाही. याही वेळी काही झालं नाही.

तसं बघायला गेलं तर त्या खोलीत काय नव्हतं? माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते, तापला की हात लावता येणार नाही असा अँप्लिफायर होता, दगडी चौथऱ्यावर टर्नटेबल होतं. भिंतींवर आवाज शोषणारे जाड तक्ते ठोकले होते आणि त्यांच्यापायी लेकीच्या लग्नाचे फोटो माळ्यावर गेले होते. दवाखान्यातली पेशंटची खुर्ची वरखाली होताना आताशा कण्हायची, पण नवी खुर्ची दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलली जायची, कारण दर वर्षी या खोलीत काहीतरी यायचं. पैसा पाण्यासारखा गेला होता. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते गाणं अंगी लागत नाही याचं.

एकेकाळी लागलं होतं. शिकत असताना सायकलचं पंक्चर काढायला तो एका दुकानात थांबला होता. तिथे तेलाने कळकटलेल्या रेडिओवर एक बाई गात होती. पंक्चर निघालं, पैसे देऊन झाले, तरी हा आपला हँडल धरून उभाच. दुकानदाराने शेवटी हळूच विचारलं होतं, घरचं कुणी गेलं का. तेच गाणं आता त्याच्याकडे उत्तमातल्या उत्तम रेकॉर्डवर होतं आणि तो कोरडा ठणठणीत बसून होता. यंत्रात खोट नसेल तर ती आपल्यातच असणार, हा विचार त्याला नको असायचा. मग तो यंत्रात आणखी एक खोट शोधून काढायचा आणि आणखी काहीतरी विकत आणायचा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी हे ऐकायला मंडळी जमायची. गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, चहा खोलीबाहेरच, आणि रेकॉर्ड संपली की वयाप्रमाणे एकेकाने मत द्यायचं, असा रिवाज होता. वयाने थोरला त्याचा मेहुणा. मागच्या खेपेला तो म्हणाला होता की दाजी, काय मोकळा आवाज आहे, खोलीभर पसरलाय, स्पीकर कुठे ठेवलेत तेसुद्धा कळत नाही. बाकीच्यांनी माना डोलावत री ओढली. दंतवैद्यानेही मान डोलावली. यजमानानेच तोंड वाकडं केलं तर पाहुण्यांनी काय करायचं?

आज त्याचा संशय वायरींवर गेला. गेल्या वर्षी मनगटाएवढ्या जाड वायरी आणल्या होत्या. त्यांच्यावर बारीक बाण छापलेले होते. आवाज बाणाच्याच दिशेने वाहायला हवा, उलटा वाहिला तर सगळी मजा जाते, असं दुकानातल्या जाणकाराने बजावलं होतं. म्हणून जोडणीला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. आता स्पीकर हलवायचे तर कंबर मोडायची. त्याने बॅगेतला दात बघायचा छोटा आरसा काढला, भिंतीशी गाल टेकवला आणि फटीत टॉर्च मारली.

बाण अगदी बरोबर होते. एकूण एक. फक्त डाव्या स्पीकरला अधिकच्या जागी उणे जोडलेलं होतं.

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याला हसू फुटलं. बाण डोळ्यांत तेल घालून बघितले आणि शाळेतलं पोरही चुकणार नाही तिथे माशी शिंकली. वर्षभर एक स्पीकर आवाज पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. दोघांनी मिळून गाण्यातला खर्ज खाऊन टाकला होता, बाईचा आवाज धुरासारखा पांगवला होता, आणि मंडळी त्यालाच मोकळेपणा म्हणत होती. पण त्याला राग आला नाही. उलट जीव भांड्यात पडला. खोट सापडली होती, आणि ती आपल्यात नव्हती.

बोटं आत घालून, नखं सोलून घेत त्याने टोकं बदलली आणि सुई टेकवली.

बाई समोर येऊन उभी राहिली. दोन स्पीकरांच्या बरोब्बर मध्ये. खर्ज जमिनीतून पायात चढला. तिने ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. सगळं जिथल्या तिथे होतं. दंतवैद्य वाट बघत राहिला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं.

त्याची बायको ओले हात पदराला पुसत दारात आली. या खोलीत ती कधी थांबत नसे. आज ती उंबऱ्याशीच खाली बसली. गाणं संपलं तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवलेही नाहीत.

"आज काय केलंत हो?" तिने विचारलं.

"वायर उलटी होती. सरळ केली."

"एवढंच होतं होय? मग झालं ना आता तुमच्या मनासारखं?"

हो म्हणणं सोपं होतं. मंडळींसमोर तो वर्षभर तेच म्हणत आला होता. पण त्याला फार थकवा आला होता.

"बरोबर वाजतंय," तो म्हणाला. "सगळं बरोबर आहे. पण मला काही होत नाही गं. इतके दिवस यंत्राला नावं ठेवता येत होती."

वय झालं की व्हायचंच असं, किंवा होईल हळूहळू, असलं काही ती बोलली नाही.

"मग उठा," ती म्हणाली. "मला बसू द्या. पुन्हा लावा."

तो उठला. ती कुठे बसली म्हणजे आवाज नेमका मध्ये येईल, ते त्याने तिला खुर्ची जराशी सरकवून दाखवलं. रेकॉर्डवरची धूळ टिपली, सुई ठेवली, रस्त्यावरचा गलबला आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेला. सिंकमध्ये तिची अर्धी भांडी राहिली होती. ती तो घासू लागला.