तिकडचं हवामान

"काका, फोन बंद करून परत चालू केलात का?"

"केला की. बंद-चालू करून बॅटरी संपत आली, बाई."

मदत केंद्रातली मुलगी गोड बोलत होती. पण गोड बोलून काही दुरुस्त होत नाही, हे शिलाई मशिनं उघडण्यात जन्म गेलेल्या माणसाला कळतं. रात्रीत फोनने आपलं आपण काहीतरी अपडेट करून घेतलं आणि सकाळी माझं व्हीपीएन, म्हणजे फोनचा खरा ठावठिकाणा लपवणारं ॲप, ठप्प. नुसतं चक्र फिरतंय.

"नव्या अपडेटनंतर आमचं ॲप तुम्ही निवडलेल्या शहराशी जोडलं जात नाहीये," ती म्हणाली. "तोवर तुम्ही यादीतलं दुसरं शहर निवडा ना. सुरक्षा तेवढीच मिळेल. सतत कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून असतं, काका."

"कोण? सकाळपासून दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. असेल कुणी तर पाठव इकडे, चहा पाजतो."

ती हसली. जाहिरातीतही हेच रडगाणं. काळ्या टोपीतला कुणी अंधारात बसून तुमच्या फोनमध्ये डोकावतोय, आणि यांचं बटण दाबलं की तो आंधळा होतो. माझ्या फोनमध्ये त्याला काय मिळणार, डोंबल! मी ते घेतलं जाहिरातीतल्या दुसऱ्याच ओळीसाठी. म्हणे, जगातलं कुठलंही शहर निवडा. यादीत माझ्या लेकीचं शहर होतं. ते निवडलं की फोनला वाटायचं, मी तिथेच आहे. हवामानाचं पान उघडलं की तिथलं हवामान. वर गावाचं नाव परक्या लिपीत, ते मला वाचता यायचं नाही; मी आपली ढग-पावसाची चित्रं बघायचो. शहराचं नाव टाकूनही ते शोधता येतं, मला ठाऊक आहे. पण हे न विचारता दिसायचं, तिच्या घरात उठून बसल्यासारखं. बायको गेल्यापासून माझा हाच नेम. दुकान उघडायचं, पान बघायचं, लेकीला फोन लावायचा.

"पाऊस आहे गं, छत्री घे."

"हो बाबा, घेतली."

एवढंच बोलणं, पण त्यावर माझा दिवस निघायचा.

"मला ती सुरक्षा नको," मी त्या मुलीला म्हणालो. "तेच शहर पाहिजे. माझी मुलगी राहते तिथे."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "काका, हे मी सांगायला नको खरं तर. त्या शहरात आमचं मशीनच, म्हणजे सर्व्हरच, नाही. यादीत नुसतं नाव. मशीन पार उत्तरेकडच्या दुसऱ्या देशात आहे. शहरं जास्त दिसली की लोक जास्त घेतात. तुम्हाला दिसायचं ते हवामान त्या मशीनच्या गावचं."

अहो, गेल्या हिवाळ्यात बर्फ पडतोय म्हणून मी लेकीला जाड मोजे घालायला लावले होते! आणि तीही मुकाट्याने हो म्हणाली होती. माझं ऐकत तरी होती का ती? मदत केंद्राचा फोन ठेवला आणि लगेच लेकीला लावला.

"बाबा? आज उशीर केलात. बरे आहात ना?"

"तुमच्याकडे बर्फ पडतो का गं?"

"नाही, बाबा. कधीच नाही."

"मग मोजे?"

"घातले म्हणून सांगितलं."

"वेडा ठरवलास की बापाला. एका शब्दाने सांगायचं नाही होय?"

"तुम्ही किती हौसेने सांगायचात. आणि सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून कशासाठी फोन केला असतात? मला इथे दुसरं कोण म्हणतं हो, छत्री घे म्हणून?"

इतके दिवस मला वाटायचं, एकटा मीच आहे.

"आता बाहेर कसं आहे? खरं सांग."

"माहीत नाही. मी ऑफिसच्या तळघरात बसते, इथे खिडकी नाही. थांबा, बघून येते. ठेवू नका हं."

"लिफ्टमध्ये कटेल फोन."

"जिन्याने जाते."

मी फोन कानाशी घट्ट धरला. तिची पावलं ऐकू येत होती. मध्येच तिला कुणीतरी काही विचारलं. तिने त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, ते मला कळलं नाही. ती चढत राहिली. मग एक जड दार उघडलं.

"ऊन आहे, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "छान ऊन पडलंय."

"मग उभी राहा जरा उन्हात," मी म्हणालो.

ती उभी राहिली. दोघांनीही फोन ठेवला नाही.