देवाला सोडलेली गोळी

लोणीत अंजनाला सगळे खंबीर बाई म्हणायचे. शहाण्णव साली तिचा अठरा वर्षांचा पोरगा, सूरज, ट्रॅक्टर उलटून गेला, तरी बाईच्या डोळ्याला टिपूस नाही. दहाव्याला आलेल्या सोयऱ्यांना चहा मिळाला का, हे ती विचारत फिरत होती. बायकांनी तोंडात बोटं घातली, पुरुषांनी माना डोलावल्या. गावाचं असंच असतं, एकदा शाबासकी दिली की परत तपासून बघायची नाही. खंबीरपणा कसला, डॉक्टरांनी दिलेली पांढरी गोळी होती ती. पोरगा गेला तेव्हा अंजना भिंतीवर डोकं आपटायला लागली, म्हणून दिलेली. महिनाभर घ्या म्हणाले होते. महिना संपला, गोळी संपली नाही. तिचा नवरा भिमाजी मंचरच्या बाजाराला जाई, तेव्हा साखर, चहापत्ती, कांद्याचं बी आणि गोळ्यांचं पाकीट, सगळं एकाच पिशवीतून येई. दुकानदार चिठ्ठी मागत नसे आणि भिमाजी दाखवत नसे.

अशी नऊ वर्षं गेली. अंजनाला दुःख नव्हतं, तसं सुखही नव्हतं. लेकीचं, हर्षालीचं, लग्न झालं, बोरी बुद्रुकला चांगलं घर मिळालं. पाठवणीच्या वेळी वऱ्हाडातल्या परक्या बाया रडल्या, आणि अंजना उरलेली बुंदी झाकून ठेवत होती. सूरजचा फोटो ती रोज पुसायची, पण आरसा पुसावा तसा. त्याचं नाव निघालं की तिला ऐकू यायचं, तेही लांबून. शेजारच्या मळ्यात कुणीतरी कुणालातरी हाक मारावी तसं.

हे असंच चाललं असतं. पण हर्षालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. त्यात विचारायचं काही नव्हतं. पाचव्या महिन्यात ती चार दिवस राहायला आली. अंजना ओट्यावर बाजरी निवडत बसली होती आणि शेजारी तिच्या थोरल्या जावेची, सोनीबाईची, दोन वर्षांची नात श्रेया खेळत होती. खेळता खेळता पोर ओट्यावरून खाली दगडावर पडली. कपाळ फुटलं. अंजनानं पाहिलं. पोर पडली, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं बाजरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. ओरडा ऐकून हर्षाली आतून धावली आणि अवघडल्या अंगानं वाकून पोरीला तिनं उचललं.

पोरीच्या कपाळाला हळद लावून झाल्यावर हर्षाली आईसमोर येऊन बसली.

"आई, तू बघत व्हतीस."

"व्हय."

"मग उठली का न्हाईस?"

अंजनानं खरोखर विचार केला. "काय ठावं," ती म्हणाली.

"त्या गोळ्या तू खातीस तवर मी बाळंतपणाला इकडं येणार न्हाई," हर्षाली म्हणाली आणि रडायला लागली. "माझं पोर मी तुझ्यापाशी कसं ठिवू गं?"

आता आपल्यालाही काहीतरी वाटायला पाहिजे, एवढं अंजनाला कळत होतं. तिनं वाट पाहिली. काही आलं नाही. पण एक गोष्ट तिला पक्की समजली. लेकीनं पहिल्याच खेपेला माहेर टाळलं, तर पुढं ती सणावारापुरती येईल, मग तेही नाही. एक पोर मातीत गेलं, दुसरं जिवंतपणी हातचं जाईल. हे तिला दुखलं नाही, नुसतं समजलं. तेवढ्यानंही काम भागलं. गोळी सोडायची, असं तिनं ठरवलं.

आता सोडायची कशी? या मुलखात सोडायची रीत एकच. कुणी दारू सोडतो, कुणी मटण, कुणी तंबाखू. देवाच्या पायरीवर हात ठेवायचा, भंडारा उधळायचा आणि सुटलं म्हणायचं. उद्यापासून थोडी थोडी कमी करतो, असं खंडोबाला कुणी सांगत नाही. रविवारी अंजना भिमाजीला घेऊन धामणीच्या खंडोबाला गेली, पायरीवर हात ठेवून म्हणाली, "देवा, गोळी सोडली." उरलेलं पाकीट तिनं येताना ओढ्यात फेकलं. भिमाजीचा ऊर भरून आला. त्यानं तिला शेव-रेवडी घेऊन दिली.

त्या दिवसापासून तिचा डोळ्याला डोळा लागेना. मग हात थरथरायला लागले, घाम फुटायचा, ताटली वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. दोन-तीन दिवसांनी तव्यावरची भाकरी उलटताना ती एकदम ताठ झाली, डोळे फिरले, आणि जमिनीवर पडून आचके द्यायला लागली. सोनीबाई धावत आली आणि तिला जे माहीत होतं तेच तिनं केलं.

"देव आला गं अंगात! भंडारा आणा, भंडारा!"

कपाळाला भंडारा फासला. बाया हात जोडून उभ्या राहिल्या. एकीनं तर पोरीचं लग्न कधी जमंल तेही विचारून घेतलं. आचके थांबले तेव्हा अंजनाच्या तोंडातून रक्त येत होतं, जीभ चावली गेली होती. देवानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. भिमाजीनं जीप बोलावली आणि मंचर गाठलं.

तिथले डॉक्टर तिरसट होते. ते आधी भिमाजीवर ओरडले. "नऊ वर्षं घेतलेली गोळी एका दिवसात बंद करतात? अंगात देव नाही, फिट आली होती. जीव गेला असता बाईंचा!" मग जरा निवळून म्हणाले, "गोळी आज परत सुरू करायची. तब्येत थाऱ्यावर आली की पाव तुकडा कमी. मग दोन-चार आठवडे तिथंच थांबायचं. सोसलं तर पुढचा तुकडा, नाही सोसलं तर थांबून राहायचं. पुढं पुढं तर पावाहूनही बारीक करावं लागेल. आणि दर वेळी मला दाखवून, आपल्या मनानं काही नाही."

"किती दिस लागत्याल?" भिमाजीनं विचारलं.

"दिवस कसले? आठ-दहा महिने धरा. वर्षही लागेल."

बाळंतपणाला चारच महिने राहिले होते.

घरी आल्यावर दुसरंच त्रांगडं उभं राहिलं. अंजना गोळी तोंडात घेईना. देवाला सोडलेली वस्तू परत खायची कशी? भिमाजी समजावून थकला. शेवटी सोनीबाई आली. आपण भंडारा फासत बसलो, याची तिला मनातून लाज वाटत होती, आणि लाज वाटली की ती जास्त मोठ्यानं बोलायची.

"आगं, नवसाचा बोकड एका साली जमला न्हाई तर आपुन देवाला काय म्हनतो? यंदा नारळ घे, पुढल्या साली बोकड. तो कदी रुसला का? खंडोबा घोड्यावर हाय ते ठीक हाय, तू कशाला घोड्यावर बसतीस?"

भिमाजी हसला. अंजना हसली नाही, पण उठली. दोघी जावा परत धामणीला गेल्या. "देवा," अंजना म्हणाली, "मी सोडली, पर ती मला सोडंना. तुकड्या-तुकड्यानं सोडते."

मग ते रखडत सुरू झालं. भिमाजी पाटावर ब्लेडनं गोळी कापायचा आणि पाकीट स्वतःच्या कोपरीच्या खिशात ठेवायचा. तुकडा कमी केला की काही दिवस अंजनाचे कान वाजायचे, झोप तुटायची, विनाकारण भीती वाटायची. मग हळूहळू ते ओसरायचं. बाळंतपण जवळ आलं तशी तिला घाई झाली. एकदा भिमाजीच्या नकळत तिनं खायच्या गोळीतलाही एक तुकडा चुलीत टाकला. हात पुन्हा थरथरायला लागले तेव्हा स्वतःच कबूल केलं. डॉक्टरांनी तिला आधीच्या मापावर नेलं. म्हणजे तेवढे आठवडे पाण्यात. फायदा दिसायचा तो एवढाच, की एक दिवस ठेचा तिला तिखट लागला. बाकी सगळं अजून लांबच होतं.

नववा महिना लागला आणि हर्षालीचा फोन आला.

"आई, बाबांनी समदं सांगितलं मला. निम्मी झाली ना गोळी? मी येते. सासूबाई पन जा म्हनत्यात. पोराला मीच बघंन की, तू नुसती जवळ ऱ्हा."

याच फोनसाठी अंजनानं इतके महिने काढले होते. हो, एवढंच म्हणायचं होतं. पण आदल्या दिवशी चुलीवरचं दूध उतू गेलं होतं. ती समोर उभी होती, दूध वर चढताना बघत होती, आणि तिचा हात उठला नव्हता.

"नगं येऊ," ती म्हणाली.

"आं?"

"ह्या खेपंला न्हाई. निम्मी गोळी अजून माज्यात हाय, हर्षा. काल दूध उतू गेलं, मी बघत उभी व्हते. ते दूध व्हतं. उद्या तुजं पोर असंल."

"आई, आसं नगं ना बोलू."

"तिकडंच बाळंत हो. गोळी सुटली की मीच येते न्यायला."

तिनं फोन खाली ठेवला. बरगडीखाली काहीतरी आवळून आलं. परत फिट येते की काय म्हणून ती भिंत धरून खाली बसली. फिट नव्हती. तिला वाईट वाटत होतं. लेक यायची होती आणि आपण नको म्हणालो, याचं वाईट वाटत होतं, आणि ते वाढतच चाललं, लेकीपाशी थांबेना, मागं मागं जायला लागलं. तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

सोनीबाई धावत आली. फोनच्या शेजारी ओरडून रडणारी बाई पाहिल्यावर दुसरं काय समजायचं?

"कुनाचा फोन व्हता? कोन गेलं गं, अंजने? बोल की, कोन गेलं?"

"सूरज," अंजना म्हणाली. "बाई, माजा सूरज गेला."

 सोनीबाई खाली बसली, अंजनाच्या गळ्यात गळा घातला, आणि बातमी आत्ताच आली असावी तशी तिच्याबरोबर रडायला लागली.