तोंडावर उमटलेलं

कोयता दुसऱ्यांदा बसला, तेव्हा कुठे मार्सेलच्या मुठीतून व्हिक्टोरियाचे केस सुटले. नवऱ्याचं रक्त तिच्या मानेवरून ओघळत लुगड्यात उतरलं. समोर धाकटा दीर लिओ उभा होता. खाली पडलेला भाऊ अजून तडफडतोय हे पाहून तो वाकला, तिसरा घाव घातला आणि कोयता पेंढ्याला पुसला.

कोलशेतच्या त्या अंगणात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. म्हणून पावसाळा सरल्यावर ठाण्याच्या कोर्टात साक्षीला तीच उभी राहिली. खून लिओनं कबूल केला होता. फाशी की काळं पाणी, एवढंच ठरायचं होतं. रागाच्या भरात झालं असेल तर जीव वाचेल, असं वकील म्हणाला होता.

गोऱ्या जज्जानं काही विचारलं. दुभाषी गुरुदत्त म्हणाला, "बाई, मारताना आरोपीचा चेहरा कसा होता?"

"कसा म्हंजे? सावळा. नाक बापासारखा."

मागे कुणीतरी हसलं. जज्जानं प्रश्नातला इंग्रजी शब्द पुन्हा, सावकाश उच्चारला. काउंटेनन्स.

"साहेब तोंडवळा नाही विचारत," गुरुदत्त म्हणाला. "तोंडावर जे उमटतं ते. राग होता, की शांत होता?"

व्हिक्टोरियानं कठडा घट्ट धरला. नारळ सोलताना असतो तसा होता लिओ. रागानं पेटलेलं तोंड तिनं त्या दिवशी एकच पाहिलं होतं, मार्सेलचं.

तिनं डोळे मिटले.

"डोळे तांबारलेले. ओठ थरथरत व्हते. कपालाची शीर फुगलेली. थुंकी उडत व्हती तोंडातून."

गुरुदत्तनं एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. जज्ज लिहीत राहिला.

लिओला काळं पाणी झालं.

बाहेर चिंचेखाली सासू सेसिलिया बसली होती. दोन्ही मुलगे तिचेच. आत जायला तिला धीर झाला नव्हता.

"जगला," व्हिक्टोरिया म्हणाली.

"काय सांगितलंस तू?"

व्हिक्टोरियानं सांगितलं. डोळे, ओठ, शीर, सगळं. म्हातारी ऐकत राहिली. मग पदराचा बोळा तिनं तोंडात कोंबला आणि पोटातून आलेला आवाज तिथेच दाबला.

"लिओला जन्मात कदी राग आला नाय," ती म्हणाली. "ता माज्या मार्सेलचा तोंड."

व्हिक्टोरिया खाली मान घालून उभी राहिली.

सेसिलियानं हात वर केला.

"हात दे. उठव मना," ती म्हणाली.