हयवदनचा उजवा बूट

मी बोलतोय, हयवदनचा उजवा बूट. डावा केव्हाच उसवून गेला. सांगायला मीच उरलो.

बेंगळुरात लष्कर भागातल्या एका मोच्यानं मला शिवलं. जाड चामडं, तळाला खिळ्यांनी ठोकलेल्या चामडी गोळ्या. १९५४ साली हयवदननं मला पायात चढवलं. कॉलेजच्या फुटबॉल संघात तो बॅक होता, दांडगा गडी. गोलापुढं उभा राहिला की वारा अडायचा. तेव्हा पुष्कळ पोरं अनवाणीच खेळत.

निपाणीकडचा बसवंतही अनवाणी खेळायचा, दुसऱ्या कॉलेजकडून. अंतिम सामन्यात त्यानं हयवदनला दोनदा चकवलं. लोक खो खो हसले. पुढच्या खेपेला चेंडू केव्हाच निघून गेला होता, तरी हयवदननं मला त्याच्या घोट्यावर हाणलं. हाड मोडलेलं मी अगदी जवळून ऐकलं. पंचाचं लक्ष चेंडूकडं होतं. सामना आम्ही जिंकला. हयवदनला खांद्यावर घेऊन मिरवलं, पण मान काही त्यानं वर केली नाही.

बसवंत पुन्हा खेळला नाही. चिकपेटेतल्या दुकानात लंगडत कापडाचे तागे काढू लागला.

हयवदन पुढं कॉलेजातच प्रशिक्षक झाला. चिकपेट टाळून लांबच्या रस्त्यानं जायचा. पोरांना बजावायचा, "चेंडू गेला की पाय मागं. मॅच गेली तर जाऊ दे."

१९६३च्या अंतिम सामन्यात त्याच्याच बॅकनं, शेषगिरीनं, समोरच्या पोराला तसंच पाडलं. पोरगं विव्हळत लोळलं. पंचाला दिसलं नाही.

"शेषगिरी, बाहेर ये!" हयवदन ओरडला.

"अण्णा, बदली खेळाडू चालत नाही! दहाच उरतील," शेषगिरी म्हणाला.

"उरू देत."

दहा जण हरले. कॉलेजनं हयवदनला काढलं. मग एके दुपारी तो मला पिशवीत घालून चिकपेटेत गेला आणि त्यानं मला बसवंतापुढं ठेवलं.

"हाच तो बूट. चेंडू गेलेला मला दिसला होता, बसवंता."

"ठाऊक आहे मला." बसवंतानं तागा गुंडाळणं थांबवलं नाही. "परवा दहा जणांनिशी खेळलात म्हणे. सरी, बरं झालं. त्या पाडलेल्या पोराला न्याय मिळाला. माझा पाय तसाच आहे, अण्णा."

"मी काय करू, सांग."

"बूट घरी ने. मी रोज माझा पाय बघतो. तू हा बघत जा."

तेव्हापासून मी हयवदनच्या खोलीत कोनाड्यात आहे. चामडं तडकलंय, वास येतो. त्याची बायको अहल्या विचारते, "टाकू का हो हा?" तो म्हणतो, "स्वल्प दिवस असू दे."

मला जपा, असं मी म्हणणार नाही. फक्त पॉलिश करू नका. आहे तसाच दिसू दे त्याला.