चिडीचूप लढाई

ताई चित्रपटांचं ध्वनिसंयोजन करायची आणि दिग्दर्शक होता तिचा मावसभाऊ, त्यामुळे भांडायला मोकळीक होती. त्याच्या नव्या चित्रपटात अवकाशातली दोन आरमारं कवायतीच्या मुलांसारखी रांगा धरून, हातभर अंतरावरून लढत होती.

"अरे, इतक्या जवळून कुणी लढतं का? आणि तिथे हवाच नाही, तर स्फोट ऐकू कसा येईल?" ताई म्हणाली.

"लोकांना दणका लागतो गं."

रांगा काही त्याने मोडल्या नाहीत. पण ताईने पिच्छाच पुरवला, तेव्हा निदान लढाई बिनआवाजी ठेवायला तो कसाबसा तयार झाला.

पहिल्या चाचणी खेळाला जहाजं गुपचूप फुटू लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा." यंत्र बिघडलं असं समजून ऑपरेटरने आवाज पार टोकाला नेला. नेमकं पुढच्याच दृश्यात कप्तानाने जहाजातलं लोखंडी दार आपटलं. अख्खं थिएटर खुर्चीतून उडालं आणि ताईच्या शेजारच्या आजोबांचे पॉपकॉर्न तिच्या केसांत जाऊन बसले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

बाहेर पडताना मात्र जो तो त्या दाराबद्दलच बोलत होता. भाऊ धावतच आला.

"ताई, दाराचा आवाज एवढाच ठेवायचा."

"ठेवू की," केस झटकत ताई म्हणाली. "जहाजाच्या आत हवा असते."

"आणि बाहेर?"

"बाहेर चिडीचूप."

या खेपेला त्याने वाद घातला नाही.