पायडल मारणारा पाय

शिवणकाम करणारी ती बाई तशी फणकाऱ्याचीच. तिच्या कात्रीला कुणी हात लावला की दोन दिवस घरात धुसफुस. पण गेल्या महिन्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या बेतल्या आणि वर नणंदेवर आळ घेतला की, वन्सं माझी कात्री चोरून दुसरी ठेवतात. तेव्हा मात्र घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

चार वर्षांपासून तिला लूपस होता. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, असा हा आजार. आधी तिचे सांधे धरले, मग फुप्फुसं. त्यासाठी गोळ्या चालू होत्या, त्याही नुकत्याच वाढवलेल्या.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आणि नणंदेला समोर बसवून सांगितलं, "हा संशय लूपस मेंदूपर्यंत गेल्यामुळे असेल, नाहीतर या गोळ्यांमुळेच. लूपस असेल तर औषध खूप वाढवायचं, गोळ्यांमुळे असेल तर कमी करायचं. चुकून उलटं केलं तर आहे तेही हातचं जाईल. बाकी तपासण्यांवरून नक्की ठरत नाहीये. मेंदूचा एमआरआय नीट आला तर मार्ग दिसेल."

घोडं तिथेच अडलं होतं. पहिल्या वेळी डोकं हलल्यामुळे सगळी चित्रं धुरकट आली होती. झोपेचं औषध द्यावं, तर फुप्फुसांचा भरवसा नाही.

दुसऱ्या वेळी तिला पुन्हा त्या अरुंद नळकांड्यात सरकवलं. चेहऱ्यावर पिंजरा, त्यावर पायांकडचं दिसेल असा छोटा आरसा. यंत्र सुरू झालं. खटखट, खटखट, एका लयीत. आपण अगदी दगडासारख्या पडून आहोत, अशी तिची खात्री होती, तरी कानात आवाज आला, "बाई, हलू नका." ती मनात म्हणाली, मी कुठे हलतेय? हा माणूसही वन्संना सामील दिसतोय.

काचेपलीकडे मशीनवाला पडद्यावरचं डोकं बघून कपाळाला हात लावत होता. त्याच्या शेजारी उभी असलेली नणंद मात्र दुसरीकडेच बघत होती. पंधरा वर्षं ती भावजयीसमोर बसून काजं-बटणं करत आली होती. पायांवरची चादर एका बाजूला वरखाली होताना दिसली आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, ती शिवतेय," ती म्हणाली. "शिलाई मशीनसारखा आवाज आला की तिचा उजवा पाय आपोआप पायडल मारतो. त्यानेच सगळं अंग हलतंय. मला आत जाऊ द्या."

आत जायचं तर अंगावर धातू चालत नाही. नणंदेची अंगठी वीस वर्षांत बोटातून निघाली नव्हती. साबण लावून, कातडं सोलवटून तिने ती ओढून काढली.

आरशात वन्सं दिसल्या तशी भावजय ओरडली, "या चोराला बाहेर काढा!"

नणंदेने चादरीखाली हात घालून तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. खटखट पुन्हा सुरू झाली. पावलाने दोन-तीनदा जोर केला, मग ते गप्प झालं. नणंद पस्तीस मिनिटं तशीच वाकून उभी होती.

चित्रं स्वच्छ आली. आधीच्या वर्षीच्या चित्रांत नसलेले पांढरे डाग मेंदूत जागोजागी होते, काहींभोवती ताजी सूज होती. सगळं जुळवून पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लूपसच आहे. औषध वाढवू या." त्याच दिवशी सलाइन लागलं.

संशय एकदम गेला नाही. आठवड्या-आठवड्याने विरत गेला. मग एका दुपारी, पलंगावर बसल्या बसल्या, आपण काय काय बोललो ते तिला आठवलं. मान वर करायची सोय राहिली नाही. नणंद शेजारी औषधाच्या गोळ्या डबीत लावत होती.

"वन्सं, मी तुम्हाला चोर म्हणाले."

"म्हणालीस."

"त्या मशीनमध्येसुद्धा?"

"तिथे तर चांगलं खणखणीत."

"मग तुम्ही निघून का नाही गेलात?"

नणंदेने डबी बंद केली. "पाय सोडला असता तर तू हलली असतीस."

भावजयीला भरून आलं. तुमच्यामुळे मी मला परत मिळाले, असं ती कशीबशी म्हणाली आणि नणंदेचा हात तिने दोन्ही हातांत धरून ठेवला.