मी, तारा कापलेला ऑक्सिजन सेन्सर

मित्रांनो, गोंदियाजवळच्या कुडव्यात एका गॅरेजमागे जळालेली मोटार उभी आहे. तिच्या धुराच्या नळीत अजून घट्ट बसलेला, बोटाएवढा, तो मीच! मी ऑक्सिजन सेन्सर. नाव रुबाबदार आहे ना? काम त्याहून रुबाबदार होतं. इंजिनाच्या धुरात प्राणवायू किती उरलाय ते मी हुंगायचो आणि गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवायचो. मग तो पेट्रोल कमी-जास्त करायचा. दिवसभर निरोपच निरोप, पण मी कधी कंटाळलो नाही!

सौंदडच्या योगराजभाऊंनी ही जुनी गाडी घेतली ती त्यांच्या आईसाठी. जमुनाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस करावंच लागे. चुकलं, तर जीवावर बेतणार.

२०१३ च्या थंडीत इंजिनात ठिणगी पाडणारा एक प्लग नीट चालेना. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला प्राणवायू धुरात येऊ लागले. मी लगेच निरोप धाडला आणि योगराजभाऊंसमोर पिवळा दिवा लागला. त्यांनी गाडी कुडव्याच्या याच गॅरेजात, छोटेलाल मिस्त्रीकडे नेली.

"काऊन गा छोटेलाल, हा दिवा काऊन लागून राहिला?"

"अरे भाऊ, सेन्सर पागल झाला. काट देतो. लाइट बंद, टेन्शन खतम!"

मागच्या सीटवरून जमुनाबाई म्हणाल्या, "मंग माह्या बीपीचं मशीनबी फोडून टाक गा बाबू, म्हंजे मी बरी होईन!"

"मा, तू चूप बस न. उशीर होऊन राहिला."

सगळे हसले. पाच मिनिटांत माझ्या तारा कापल्या. त्या जागी जोडलेला चिमुकला इलेक्ट्रॉनिक तुकडा संगणकाला सारखं एकच सांगायचा, 'सगळं ठीक आहे.' दिवा विझला! मला फक्त नळीचं भोक बुजवायला तिथंच ठेवलं.

प्लग मात्र तसाच राहिला. वाया जाणारं पेट्रोल माझ्या पुढच्या, धूर साफ करणाऱ्या डब्यात जाऊन जळायचं. डबा लालबुंद व्हायचा. मला सगळं कळायचं, पण सांगू कसं?

मार्चमध्ये आमच्याकडे लाखोळी नावाचं कडधान्य कापून सडकेवर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली फुकटात मळणी! होळीमुळे जमुनाबाईंची डायलिसिसची एक खेप चुकली होती, म्हणून भाऊ घाईत होते. टेकचंद शेतकऱ्याच्या लाखोळीवरून गाडी गेली, वाळकी काडं खाली अडकली आणि तापलेल्या डब्याला चिकटली. गाडीने भडकन पेट घेतला. भाऊंनी आईला ओढून बाहेर काढलं. त्यांना साधा चटकाही बसला नाही. पण दुसरं वाहन मिळेपर्यंत दुपार टळली. जमुनाबाई दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा अंगात पाणी साचून त्यांना श्वास घेता येत नव्हता. मशीन लावायच्या आधीच त्या गेल्या.

गावाने दोष दिला टेकचंदच्या काडांना. भाऊ त्याच्या अंगावर धावून गेले. बिचारा हात जोडून नुसता रडत होता. प्लगचं, माझ्या तारांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. छोटेलाल आजही दुसऱ्यांचे सेन्सर कापतो, अगदी हसत हसत.

खरं काय घडलं ते फक्त मला ठाऊक आहे. म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतोय. तुमच्या गाडीत असा दिवा लागला आणि कुणी तो नुसता विझवायला निघालं, तर आडवे या. आधी बिघाड शोधायला लावा. मोठी माणसं रागावतील. रागावू द्या!